खोकला वगळून

टोर्सहाव्हनला आज पश्चिमेचा वारा.
सभागृहाच्या काचांवर मीठ बसलंय,
आतून नखाने निघत नाही, मी करून पाहिलंय.
तेहतीस खुर्च्या, एकोणतीस माणसं,
दोघे बोटीअभावी त्यांच्याच बेटावर,
उरलेल्या दोघांचं कारण नोंदलेलं नाही.
मी इतिवृत्त लिहिते. चौदा वर्षं झाली.
नियम साधा आहे: जे बोललं जाईल ते घ्यायचं,
खोकला वगळायचा.

पहिली उठते मारयुन, स्वीनॉयची.
बोट नऊ दिवस धक्क्याला बांधलेली, म्हणते,
सुईण अलीकडे, कळा पलीकडे,
बाळाने काय शासन निर्णयाची वाट बघायची?
(हशा. हशा मात्र लिहायचा, कंसात.)

रोग्वी उभे राहतात. पंतप्रधान.
स्वेटरच्या कोपराला जरा वेगळ्या राखाडी लोकरीचा रफू,
घरीच केलेला असावा, घाईत.
"माननीय सदस्यांची भावना मी समजू शकतो.
इंजिनाचा सुटा भाग मागवलेला आहे."
कुठून, ते सांगत नाहीत. मारयुन खाली बसते,
म्हणजे आधी अर्धी बसते, मग पूर्ण.

ब्रेस्टिरला टोलचं उत्तर हवंय.
समुद्राखालच्या बोगद्यात मेंढी शिरली,
चाळीस मिनिटं रांग, आणि टोल मात्र सगळ्यांना पूर्ण.
"मेंढीचा कोणी भरला?"
(हशा.)
"बाब विचाराधीन आहे."

बिल्लाच्या गावच्या शाळेत चार मुलं,
त्यातली तिघं एकाच घरची.
त्या घराने कोपनहेगनची तिकिटं काढलीत.
उरलेल्या एकाने लपंडाव कोणाशी खेळायचा,
असं ती विचारत नाही,
ती निधीचं विचारते, कलम आणि पोटकलम सांगून,
पण विचारताना तिचा आवाज घसरतो.
"शासन सकारात्मक आहे," रोग्वी म्हणतात,
"अहवाल पटलावर ठेवू."
या पटलावर आजवर काय काय ठेवलं गेलंय.
एकदा तर डाव्या हाताचा एक हातमोजा होता,
महिनाभर. कोणी दावाच केला नाही.

मग सामन माशांच्या उवा. त्यावर तासभर.
तो तास मी इथे देत नाही.

शेवटी टुम्मस, स्कूवॉयचे.
हातात कागद नाही. गुडघा आधी, मग माणूस, असे उठतात.
"आमच्या धक्क्यावरचा दिवा फेब्रुवारीपासून बंद आहे.
बिल येतं.
उजेड येत नाही."
आणि थांबतात.
सभापती म्हणतात, सदस्यांनी प्रश्न विचारावा.
"प्रश्न हाच, की यांना माहीत होतं का."

रोग्वी फाइल उघडतात. निळी. मग दुसरी, तीही निळी.
मागून सचिव चिठ्ठी पुढे करतो,
ते चिठ्ठी वाचतात, घडी घालून खिशात टाकतात.
खोकतात.
"नव्हतं माहीत."

माझी बोटं आपोआप पुढचं वाक्य लिहायला सरसावली,
"तपासून घेतो" किंवा "लवकरच",
इतक्या वर्षांची सवय.
पण पुढे वाक्यच आलं नाही. ते बसले.
सभापतींनी घड्याळ पाहिलं
आणि लोकरीच्या अनुदानाचा विषय पुकारला.

संध्याकाळी टिंगानेसवरून घरी जाताना
कचेरीच्या छपरावरचं गवत वाऱ्याने एका बाजूला निजलेलं,
आणि खाली भिंतीला पाठ लावून रोग्वी, एका कानावर तळहात,
दुसऱ्या कानाशी फोन, ओरडतायत:
"बल्ब नाही रे, वायर! वायर कुठे तुटली ते विचार!
मग त्यांच्या शेजाऱ्याला उठव!"
मला पाहून त्यांनी मान हलवली. मीही.

बसथांब्यावर टुम्मस होते, वाळवलेलं मटण चाकूने कापत.
आज बोट नव्हतीच त्यांची. बहिणीकडे राहणार म्हणाले.
एक तुकडा मला दिला.
दिव्याचं मी बोलले नाही, त्यांनीही काढलं नाही.
पावणेसातची बस सात वाजून पाचला आली.

इतिवृत्त मी रात्री पक्कं केलं.
पान एकोणीस: "नव्हतं माहीत."
त्याआधीचा खोकला
लिहिला, खोडला,
आणि तेवढी जागा कोरी ठेवली.